नदीकांठची धांव

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर पहांटे कितीतरी माणसें समुद्राच्या कडेनें धांवतात. तेथें फरसबंद वाट, दिवे आणि सोबत असते. आमच्या विद्यार्थ्यांसही कुकडी, मीना वा घोड नदीच्या कांठीं धांवावेंसें वाटलें, तर तें इष्टच आहे. परंतु शहराची पहांट मात्र येथें आणूं नये. माणिकडोह, वडज, डिंभें येथील धरणांचें पाणी आलें, ऊंस वाढला आणि उंसांत बिबट्या राहूं लागला. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत त्याचा वावर अधिक. एकटें मूल त्यास सहज सांपडतें. म्हणून मुलांनो, ऊन पडल्यावर, चौघे मिळून, उंसापासून दूर धांवा. बिबट्या दिसलाच, तर मात्र धांवूं नका. पाठ न फिरवितां, मोठ्यानें ओरडत, एकत्र मागें सरा. आणि पालकहो, मुलांस घरीं कोंडणें हा उपाय नव्हे. गांवानें नदीकांठची एक मोकळी वाट निवडावी, तेथील झुडपें तोडावींत, उकिरडे हलवावेत. कारण उकिरड्यावर कुत्रीं जमतात आणि कुत्र्यांमागें बिबट्या येतो. ह्या कामास पैसा थोडा, पण सर्वांचे हात लागतील.