क्रूझवर पनीर बटर मसाला मिळतो, मग आमटी का मिळत नाही?

क्रूझचा कुठलाही रील उघडा. डेकवरचा सूर्यास्त, स्विमिंग पूल, रात्रीचा शो. आणि खाली कमेंटमध्ये हमखास एक प्रश्न : "जेवणाचं काय? आपलं मिळतं का?"

उत्तरं दोन टोकांची येतात. एक जण लिहितो, इंडियन काउंटर होतं, टेन्शनच नव्हतं. दुसरा लिहितो, चार दिवस तीच पिवळी डाळ आणि तेच पनीर, शेवटी बॅगेतला चिवडा काढला. गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात.

हा प्रश्न आता फक्त हौशी प्रवाशांचा राहिलेला नाही. ३० सप्टेंबर २०२४ ला मुंबई बंदरातूनच केंद्र सरकारनं 'क्रूझ भारत मिशन' सुरू केलं. देशातल्या क्रूझ प्रवाशांची संख्या २०२९ पर्यंत दुप्पट करायची, हे त्याचं उद्दिष्ट. पाठोपाठ २० सप्टेंबर २०२५ ला मुंबईच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. वर्षाला १० लाख प्रवासी हाताळायची त्याची क्षमता आहे. म्हणजे पुढच्या काही वर्षांत तुमच्या-आमच्या घरातले आई-बाबा, काका-काकू क्रूझवर जाणार आहेत आणि हाच प्रश्न विचारणार आहेत.

नवी मुंबईकरांना तर तो आणखी जवळचा. जहाजावर नोकरी लावून देणाऱ्या कंपन्यांची ऑफिसं बेलापूर, नेरूळ, वाशीत आहेत. हॉटेल मॅनेजमेंट केलेली मुलं कागदपत्रांची फाइल घेऊन तिथं चकरा मारताना दिसतात. दुसरीकडे वाशीचं एपीएमसी मार्केट. मसाले, डाळी, भाजी, फळं, कांदा, सगळं घाऊक भावात तिथं उतरतं, आणि तिथून बॅलार्ड पिअरचा धक्का काही फार लांब नाही.

माणसं इथली, माल इथला, आता जहाजंही इथून सुटतात. मग चव नेमकी हरवते कुठं?

'इंडियन' म्हणजे नेमकं कुठलं?

मोठ्या हॉटेलच्या भारतीय किचनचं गणित आधी समजून घेऊ. तिथं प्रत्येक भाजी शून्यापासून बनत नाही. सकाळीच तीन-चार 'बेस ग्रेव्ही' तयार होतात. कांदा-टोमॅटोची एक, लोणी-टोमॅटोची मखनी, काजूची पांढरी, झालंच तर एखादी पिवळी. ऑर्डर आली की त्यात पनीर, कोफ्ता, चिकन किंवा मिक्स भाजी टाकायची आणि वरून फोडणी, क्रीम, कसुरी मेथी. चार ग्रेव्हींत वीस पदार्थ.

या पद्धतीची मुळं बरीचशी फाळणीनंतर दिल्लीत आलेल्या पंजाबी निर्वासितांच्या तंदूर-ढाब्यांत आहेत. ते जेवण लोकप्रिय झालं, हॉटेलांनी उचललं, हॉटेल मॅनेजमेंटच्या शिक्षणात शिरलं आणि तिथून जगभर गेलं. परदेशात 'इंडियन फूड' म्हटलं की डोळ्यांसमोर तेच येतं. क्रूझवरचं इंडियन काउंटर हे त्याचंच तरंगतं रूप आहे.

त्यात वाईट काही नाही. पण आपली आमटी गोडा मसाला आणि आमसुलावर उभी असते, मालवणी रस्सा ताज्या खोबऱ्याच्या वाटणावर. या दोन्ही गोष्टी त्या चार ग्रेव्हींत बसत नाहीत. त्यामुळे मेन्यूवर 'इंडियन' लिहिलेलं असतं आणि तरी मराठी, तमिळ किंवा बंगाली माणूस तिथं पाहुणाच ठरतो.

समुद्रात काय करता येत नाही?

काही अडचणी खऱ्या आहेत. त्या मान्य करायलाच हव्यात.

पहिली, आग. भर समुद्रात जहाजाला सगळ्यात मोठी भीती आगीची. म्हणून प्रवासी जहाजांच्या स्वयंपाकघरात, ज्याला गॅली म्हणतात, उघड्या आगीला जवळपास मज्जावच असतो. शेगड्या, भट्ट्या विजेवरच्या. मग विस्तवावर फुगवलेला फुलका आणि कोळशावरचा तंदूर येणार कुठून? तळणीवरही बंधनं आहेत. समुद्री सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार तळणीच्या यंत्राला आग विझवणारी यंत्रणा आणि तापमानावर लक्ष ठेवणारे दोन थर्मोस्टॅट लागतात.

दुसरी, तापमान. अमेरिकन बंदरांत येणाऱ्या क्रूझना तिथल्या आरोग्य खात्याचे नियम पाळावे लागतात. गरम पदार्थ ५७ अंश सेल्सिअसच्या वर ठेवायचा, थंड ५ अंशांच्या खाली. तापमानाऐवजी वेळेचा हिशेब ठेवला, तर साधारण चार तासांनी उरलेलं टाकून द्यायचं. हजारो माणसं एकाच जागी जेवतात, एकाला पोटाचा संसर्ग झाला तर तो जहाजभर पसरतो, म्हणून ही कडक शिस्त. पण वाफेच्या ट्रेमध्ये तासभर बसलेल्या पोळीचं काय होतं, हे कुठल्याही लग्नाच्या शेवटच्या पंगतीत बसलेल्या माणसाला विचारा.

तिसरी, सामान. मायामीहून सुटणारं जहाज आठवडाभराचं सगळं आधीच भरून घेतं. कॅरिबियन बेटावर कढीपत्ता संपला, तर संपला.

पण सगळं खापर समुद्रावर फोडायचं का?

नाही. विमानाशी तुलना करा. विमानात केबिनमधला हवेचा दाब कमी असतो, हवा कोरडी असते, त्यामुळे जिभेला चव कमी लागते. जहाज समुद्रसपाटीवरच असतं, त्यामुळे ही सबब तिथं चालत नाही.

आता आपल्या पदार्थांची यादी घ्या. भाकरी, फुलका, गरम पुरणपोळी हे तव्यावरून थेट ताटात यायला हवेत, ते अवघडच. पण आमटी? मटकीची उसळ? मसालेभात, वांग्याची भाजी? हे मोठ्या पातेल्यात होतात, ट्रेमध्ये गरम राहतात, आणि उसळ तर मुरल्यावर जास्तच चांगली लागते. सोलकढीला थंड जागा मिळाली की काम झालं. पोहे आणि उपमा सकाळच्या बुफेसाठीच जन्माला आल्यासारखे.

म्हणजे मुंबईहून सुटणाऱ्या जहाजावर उसळ नसेल, तर ते आगीच्या नियमामुळे नाही आणि मालाच्या टंचाईमुळेही नाही. मेन्यू ठरवताना ती कुणाच्या डोक्यातच आलेली नसते.

मग मेन्यू ठरवतं कोण?

इथं खरी मेख आहे. मोठ्या क्रूझ कंपन्यांचे मेन्यू मुख्यालयात ठरतात. कार्निव्हल आणि रॉयल कॅरिबियन मायामीत, कोस्टा इटलीतल्या जिनोआत. तिथं रेसिपी पक्की होते, ताट कसं दिसायला हवं तेही ठरतं, आणि तीच रेसिपी ताफ्यातल्या सगळ्या जहाजांवर जाते. गॅलीत उभा असलेला मुलगा रत्नागिरीचा असो की मडगावचा, त्यानं कार्डाप्रमाणे बनवायचं. त्याला आईच्या हातची आमटी येत असेल, पण ती कार्डावर नाही.

ही गोष्ट नवीनही नाही. ब्रिटिश आगबोटींच्या काळापासून गोव्याचे आणि कोकणचे लोक जहाजावर राबत आलेत. गोव्यात अशा माणसाला 'तारवटी' म्हणतात. मुंबईत धोबीतलावच्या परिसरात गोव्यातल्या गावागावांच्या 'कूड' होत्या. जहाजाची वाट बघणारे तारवटी तिथं मुक्काम करायचे. गोऱ्या प्रवाशांच्या टेबलावरची 'करी' याच माणसांच्या हातून जायची, पण तिखट किती घालायचं हे खाणारा ठरवायचा. दीडशे वर्षांत जहाजं बदलली, हे समीकरण फारसं बदललं नाही.

बदल होतो तो प्रवासी बदलल्यावर. पी अँड ओ क्रूझेसनं २०१० मध्ये अझुरा जहाजावर शेफ अतुल कोचर यांचं 'सिंधू' रेस्टॉरंट सुरू केलं, कारण ब्रिटिश प्रवाशाला चांगलं भारतीय जेवण हवं होतं. मुंबईत २०१९ मध्ये जलेशचं 'कर्णिका' आलं आणि कोविडच्या फटक्यात २०२० मध्ये बंद पडलं. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' धावू लागलं. या भारतीय कंपन्यांनी जैन जेवण ही अडचण न मानता जाहिरातीत ठळकपणे मांडलं, कारण गुजराती-जैन प्रवाशांनी पहिल्यापासून तेच विचारलं. मराठी प्रवाशानं मात्र "काहीतरी व्हेज असेल ना?" एवढंच विचारलं. त्याला तेवढंच मिळालं.

चव गेली तर चालेल, पण विश्वास?

चवीच्या पुढचा मुद्दा जास्त गंभीर आहे. जैन माणसाला कंदमूळ चालत नाही. शाकाहारी माणसाला मासे तळलेल्या तेलातले फ्राइज चालत नाहीत. कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असते, कुणाच्या बाबांना मधुमेह असतो.

विमानात यासाठी जगभर ठरलेले कोड आहेत. जैन जेवणाला एक, एशियन व्हेजला दुसरा. क्रूझवर असं काही सगळीकडे सारखं नाही. एका कंपनीचं 'इंडियन व्हेज' दुसरीकडे वेगळं निघू शकतं.

स्वच्छतेबाबत अमेरिकेत निदान गुणपत्रिका तरी आहे. तिथलं खातं जहाजांना १०० पैकी गुण देतं, ८५ किंवा त्याहून कमी म्हणजे नापास, आणि निकाल कुणालाही ऑनलाइन बघता येतो. पण हे गुण स्वच्छतेचे, 'ऑथेंटिक' या शब्दाचे नाहीत. भारतात एफएसएसएआयच्या २०१८ च्या जाहिरात नियमावलीत असे शब्द कधी वापरायचे यावर अटी आहेत. परदेशी झेंड्याखालच्या, परदेशात फिरणाऱ्या जहाजाच्या बुफेवर लावलेल्या पाटीला मात्र कोण विचारणार?

आणखी एक विरोधाभास बघा. सागरी कामगारांच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय कराराला भारतानं २०१५ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार जहाजावरच्या कर्मचाऱ्यांना फुकट जेवण द्यावं लागतं, आणि ते देताना त्यांचा धर्म आणि खाण्याच्या पद्धती विचारात घ्याव्या लागतात. म्हणजे खालच्या मेसमध्ये जेवणाऱ्या खलाशाला हा हक्क कायद्यानं आहे. वर लाखभर रुपये मोजून आलेल्या प्रवाशाला मात्र ब्रोशरमधल्या दोन ओळींचाच आधार.

बुकिंगआधी काय विचाराल?

"इंडियन फूड आहे का?" हा प्रश्न सोडून द्या. त्याचं उत्तर कायम 'हो'च येतं. त्याऐवजी हे विचारा :

- इंडियन जेवण रोज दोन्ही वेळा आहे की ठराविक दिवशी? तिकिटात धरलंय की वेगळे पैसे?
- शाकाहारी पदार्थांसाठी तवा, तेल आणि भांडी वेगळी आहेत का?
- जैन, मधुमेह किंवा ॲलर्जीचं किती दिवस आधी कळवायचं? ते लेखी मिळेल का?
- मागच्या फेरीचा मेन्यू बघायला मिळेल का?

जहाजावर चढल्यावर पहिल्याच संध्याकाळी हेड वेटरला भेटा. बऱ्याच जहाजांवर आदल्या दिवशी सांगितलं तर दुसऱ्या दिवशी वेगळं काही करून देतात. फक्त रात्री अकराला फर्माईश करताना आठवा, त्याच करारात कर्मचाऱ्याला २४ तासांत किमान १० तास विश्रांती द्या असंही लिहिलंय.

आणि परत आल्यावर फीडबॅक फॉर्ममध्ये 'फूड वॉज गुड' लिहून मोकळे होऊ नका. पदार्थाचं नाव लिहा. आमटी, उसळ, मसालेभात. जैन जेवण मेन्यूवर आलं, ते मागणाऱ्यांनी नाव घेऊन मागितलं म्हणून. आमटी बनवणारा मुलगा बहुतेक वेळा गॅलीत आधीपासूनच उभा असतो. फक्त कुणीतरी ती मागायला हवी.