गुरुत्व सगळीकडे सारखे नसते

एकसमान आणि असमान गुरुत्वक्षेत्र हा भेद म्हणजे पंडितांनी विद्यार्थ्यांच्या डोक्यावर लादलेले ओझे आहे, असे एका विद्वानांनी ठणकावून लिहिले आहे. त्यांचे म्हणणे असे : मीटरभर वर गेले तर गुरुत्व त्वरण कोटीत तीन भागांनी घटते; म्हणून ९.८ हा आकडा धरावा आणि पुढे जावे. शिवाय गुरुत्व आणि त्वरण एकच, असे आइन्स्टाइननेच सांगितले. मग भेद उरला कुठे?

पहिल्या मुद्द्याला उत्तर एवढेच, की दोन गावांतले ओळंबे समांतर नसतात. दुसऱ्याला उत्तर असे, की आइन्स्टाइनचा १९०७ मधला विचार लहानशा जागेपुरताच खरा आहे. कोसळत्या लिफ्टमध्ये शेजारी सोडलेले दोन चेंडू पृथ्वीच्या केंद्राकडे पडताना किंचित जवळ येतात. रॉकेटच्या त्वरणाने हे घडत नाही.

पण या विद्वानांनी समुद्राकडे पाहिलेच नाही, याची खरी चीड येते. चंद्र पाणी ओढतो म्हणून भरती येते, एवढ्यावर ते समाधानी आहेत. मग सूर्याचे काय? तो पृथ्वीला चंद्राच्या सुमारे १८० पट ओढतो, तरी त्याची भरती चंद्राच्या भरतीच्या निम्मीही नाही! क्षेत्र एकसमान असते तर पृथ्वी आणि पाणी सारखेच ओढले गेले असते आणि भरती आलीच नसती. भरती ओढीतल्या फरकाने येते, आणि हा फरक अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो. म्हणून जवळचा चंद्र जिंकतो. चंद्रासमोरच्या पाण्याला पृथ्वीच्या केंद्रापेक्षा जास्त ओढ, पलीकडच्या पाण्याला कमी. म्हणून दोन्हीकडे फुगवटा, आणि साधारण १२ तास २५ मिनिटांनी पुन्हा भरती. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीची भांगाची भरती कोकणातला प्रत्येक कोळी जाणतो. विद्वानांच्या सिद्धांतात त्या दोहोंना जागा नाही.

गुरूजवळून जाताना शूमेकर-लेव्ही ९ हा धूमकेतू १९९२ मध्ये फुटला, तोही याच फरकाने. अंतराळ स्थानकात गुरुत्व नसते, हा जुना हट्टही असाच अज्ञानाचा. ४०० किलोमीटर उंचीवर ते सुमारे नव्वद टक्के शिल्लक असते. स्थानक सतत पडत असते, म्हणून वजन जाणवत नाही.

एकसमान क्षेत्र ही खोलीपुरती उत्तम कल्पना आहे, आणि ती शिकवलीच पाहिजे. पण मुक्तपतनात जे पुसले जाते ते एकसमान क्षेत्र, आणि जे उरते तो फरक, हेही त्याच तासाला सांगितले पाहिजे. शिक्षकांनो, फळ्यावर ९.८ लिहाल तेव्हा त्यापुढे ‘पृथ्वीच्या पृष्ठभागाजवळ, अंदाजे’ एवढे शब्द जरूर लिहा.