एक धुरा दसऱ्यापर्यंत राखा!



पक्षी कमी झाले की बोट शेतकऱ्याकडे! १९७९ साली सोलापूर-नगर भागात माळढोकासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य कागदावर आखले. त्यात खासगी शेते, गावे सगळे आले. जमिनीची खरेदी-विक्री अडली. पुढे ते १,२२२ वर आणले. माळढोक मात्र वाढला नाही. रेघ ओढून अंडी उबत नाहीत.

तणमोर, तितर, लावा जमिनीवरच अंडी घालतात. तणमोराची मादी पावसाळ्यात गवतात, उभ्या पिकात तीन आठवडे अंडी उबवते. नेमका तेव्हाच धुऱ्यावर विळा चालतो, तणनाशकाचा पंप फिरतो. तणमोर नाकतोडे खातो, तितर वाळवी वेचतो. फवारणीपायी कर्ज काढणाऱ्याने हे फुकटचे गडी का हाकलावे?

शेजारच्या गोंदियात सारस टिकला, तो शेतकऱ्याने धानाच्या बांधीत त्याच्या घरट्याला जागा दिली म्हणून. मोहाडीच्या धानपट्ट्यात जमेल तेच कपाशी-ज्वारीच्या रानातही जमेल. एकच धुरा दसऱ्यापर्यंत राखा. गाजरगवत फुलण्याआधी उपटा, त्यावर कपाशीचा पिठ्या ढेकूण पोसतो. मारवेल, पवना राहू द्या. घरटे दिसले तर चार पावले सोडून कापा.

आणि सरकारला बजावा: राखलेल्या गवताचा मोबदला द्या. मध्य प्रदेशात सैलान्याला तणमोर राखणाऱ्या शेतकऱ्यांना बक्षीस दिले गेले. महाराष्ट्राला काय अडचण? पक्षी देशाचा आणि चाऱ्याचा तोटा आमचा, हा हिशेब आम्हाला मंजूर नाही.