स्पेस कॅडेट : मूळ आवृत्ति कीं संक्षिप्त आवृत्ति?

‘स्पेस कॅडेट’ ह्या संगणकावरील पिनबॉल-खेळाची कोणती आवृत्ति श्रेष्ठ, याविषयीं त्याच्या चाहत्यांत तीस वर्षें उलटलीं तरी एकमत झालेलें नाहीं. विंडोज एक्सपीच्या काळीं ज्यांनीं शाळेच्या संगणक-खोलींत मधली सुट्टी घालविली, त्या माजी विद्यार्थ्यांस हा खेळ नव्यानें सांगावयास नको. झेडच्या कळीनें डावा फ्लिपर, तिरप्या रेघेच्या कळीनें उजवा, आणि लांब पट्टी दाबून धरून दट्ट्यानें गोळी वर सोडावयाची, एवढेंच त्याचें व्याकरण. परंतु आपण खेळलों तो मूळ कृतीचा केवळ एक भाग होता, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

ती मूळ कृति म्हणजे ‘फुल टिल्ट! पिनबॉल’. अमेरिकेंतील सिनेमॅट्रॉनिक्स ह्या मंडळीनें ती रचिली व मॅक्सिसनें १९९५ सालीं प्रसिद्ध केली. तींत तीन फलक होते : अंतराळाचा स्पेस कॅडेट, चांचे लोकांचा स्कलडगरी व ड्रॅगन्स कीप. मायक्रोसॉफ्टनें यांतील पहिला तेवढा घेऊन त्याच वर्षीं आपल्या ‘प्लस!’ ह्या पुरवणींत दिला, आणि पुढें विंडोज एनटी ४.०, २००० व एक्सपी यांबरोबर तो घरोघर गेला. ह्या स्थलांतरांत एकाच वेळीं अनेक गोळ्या खेळविण्याची सोय गळाली, आणि मोठ्या पडद्यांसाठीं काढलेलीं अधिक रेखीव चित्रेंही गेलीं.

मूळ आवृत्तीचे कैवारी म्हणतात, ज्यानें संक्षेप वाचला त्यानें ग्रंथ वाचलाच नाहीं. आमचें मत नेमकें उलट आहे. ह्या फलकाचा खरा गाभा त्यांतील मोहिमा होत. डावीकडील निशाणांवर गोळी मारून मोहीम निवडावयाची, चढणीवरून गोळी नेऊन ती स्वीकारावयाची, इंधन संपण्यापूर्वीं ती पुरी करावयाची, आणि असें करीत करीत कॅडेटच्या पदापासून नवव्या पायरीवरील फ्लीट ॲडमिरलपर्यंत चढावयाचें. एकच गोळी असली म्हणजे हा क्रम मनांत धरितां येतो; अनेक गोळ्या सुटल्या कीं खेळणारा त्या सांवरण्यांतच गुंततो, मग मोहीम कोणाच्या ध्यानांत राहणार! अर्थात् संक्षिप्त आवृत्ति खेळणाऱ्यांपैकींही बहुतेकांस मोहीम म्हणून कांहीं आहे याचा पत्ताच नव्हता, हें प्रतिपक्षाचें म्हणणें खोटें नव्हे. ती केवळ फुकट मिळाली म्हणून लोकप्रिय झाली, हा मात्र आक्षेप आम्हांस पोंचट वाटतो. त्याच यंत्रांत फुकटचे इतरही खेळ होते. त्या सर्वांची आठवण लोक अशा जिव्हाळ्यानें काढीत नाहींत.

२००७ सालीं व्हिस्टा लोकांच्या हातीं आली, तींत हा खेळ नव्हता. त्याचें कारण मायक्रोसॉफ्टमधील अभियंते रेमंड चेन यांनीं २०१२ सालीं लिहून प्रसिद्ध केलें. ६४-बिटी यंत्रांसाठीं खेळाचें रूपांतर करूं लागतांच गोळी कशासही अडेना. आरंभींच ती दट्ट्यांतून अलगद आरपार जाऊन फलकाबाहेर पडे. दोघांनीं दोष शोधून पाहिला. परंतु मूळ लेखन वर्षांपूर्वीं बाहेरच्या मंडळीनें केलेलें, त्यांत स्पष्टीकरणाच्या टिपा जवळजवळ नाहींतच, आणि रूपांतरावयाच्या इतर लक्षावधि ओळी तशाच पडलेल्या. तेव्हां खेळच गाळण्याचा निर्णय आपण घेतला, असें ते सांगतात. (टिपणें कशाला, असें विचारणाऱ्या आमच्या दहावींतील मुलांनीं हें पुनः वाचावें.)

त्याच चेन यांनीं पूर्वीं ह्या खेळाची एक व्याधि बरी केली होती. एनटीसाठीं डेव्ह प्लमर यांनीं केलेल्या रूपांतरांत यंत्रास जमतील तितकीं चित्रें काढण्याची मुभा होती. पुढें यंत्रें वेगवान् झालीं तेव्हां तो सेकंदास हजारों चित्रें काढीत संगणकाची सारी शक्ति खाऊं लागला. चेन यांनीं सेकंदास १०० अशी मर्यादा घातली आणि काम भागलें. अशी शुश्रूषा एकदां लाभलेल्या खेळास दुसऱ्या खेपेस सवड मिळूं नये, याचें आम्हांस वाईट वाटतें. तथापि चेन यांनीं कारण झांकून न ठेवितां सांगितलें, हें त्यांच्या पदरीं घातलेंच पाहिजे.

पुढें २०२१ सालीं एका हौशी गृहस्थानें तयार यंत्रभाषेवरून उलट वाचीत मूळ लेखन पुनः उभें केलें व सर्वांस खुलें केलें. त्यावर विंडोजचीं व ‘फुल टिल्ट!’चीं अशीं दोन्ही चित्रें-ध्वनि चालवितां येतात, त्यामुळें वादी-प्रतिवादी आतां एकाच बाकावर बसूं शकतात. परंतु तीं चित्रें व ते ध्वनि त्या गृहस्थांचे नव्हेत. ते ज्यानें त्यानें आपल्या जुन्या प्रतींतून आणावयाचे. एवढ्या लोकांचें बालपण ज्यावर पोसलें, तो ठेवा मालकांनीं आपण होऊन मोकळा करावा, अशी आमची मागणी आहे. तोंवर ज्यांच्या कपाटांत एक्सपीची तबकडी पडली असेल, त्यांनीं ती रद्दीवाल्यास देऊं नये.