मतदार नमकहराम नसतो



कुठल्याही निवडणुकीचा निकाल लागला की आमच्या इंदूरच्या पेन्शनर मंडळींत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "लोकांसाठी कितीही करा हो, शेवटी नमकहराम ते नमकहरामच!" डिसेंबर 2023 मध्ये राजस्थानचा निकाल आला तेव्हा तर जास्तच. गहलोत सरकारनं कुटुंबामागे 25 लाखांचा आरोग्य विमा दिला, तरी लोकांनी त्यांना घरी बसवलं. हे वाक्य मला पटत नाही. का पटत नाही, ते हिशोब मांडून सांगतो. बी.कॉम. माणूस, त्यात जन्म बँकेत गेला, त्यामुळे खातं उघडून बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

आधी एक सांगतो. माझ्या नोकरीची काही वर्षं राजस्थानात, झालावाड-कोट्याकडे गेली. त्या काळी पीककर्ज थकलं की आम्ही जीपनं गावोगाव वसुलीला जायचो. कितीतरी घरांत एकच उत्तर मिळायचं, "साब, पैसा तो अस्पताल में लग गया." खतासाठी काढलेलं कर्ज ऑपरेशनला गेलेलं, बाईच्या पायातले चांदीचे कडे सावकाराकडे गेलेले. अशा घरावर जप्तीची नोटीस चिकटवणं काय असतं ते मला ठाऊक आहे. त्यामुळे असल्या योजनांचं मोल मला कोणी समजावायला नको.

आता खातं बघू. 2 ऑक्टोबर 2011 ला राजस्थानात सरकारी दवाखान्यांत मोफत औषधं सुरू झाली, 2013 मध्ये मोफत तपासण्याही. त्याच वर्षाच्या शेवटी गहलोतांच्या काँग्रेसला 200 पैकी 21 जागा मिळाल्या. मग वसुंधरा राजे आल्या. त्यांनी डिसेंबर 2015 मध्ये भामाशाह आरोग्य विमा आणला. 2018 ला भाजप 73 वर आला. परत गहलोत. 1 मे 2021 पासून चिरंजीवी योजना, आधी 5 लाख, मग 10, मग 25. गरिबांना फुकट, बाकीच्यांना वर्षाला 850 रुपयांत. मार्च 2023 मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा, देशात पहिला. आणि डिसेंबरात 199 पैकी 69 जागा.

म्हणजे बघा, दोन्ही पक्षांनी आरोग्यावर खर्च केला आणि दोन्ही पक्ष पडले. 1993 पासून तिथं सत्तेतला पक्ष एकदाही परत आलेला नाही. मग राग आरोग्य योजनेवर होता असं कसं म्हणायचं? आणखी एक आकडा बघा. 2018 ला काँग्रेसला 39 टक्क्यांच्या वर मतं होती, 2023 लाही तेवढीच. भाजपची तीन टक्क्यांच्या आसपास वाढली आणि तेवढ्यानं राज्य पलटलं. ज्यांनी आधी मत दिलं होतं त्या सगळ्यांनी पाठ फिरवली असं काही झालेलं नाही.

तरी प्रश्न उरतोच. एवढी मोठी गोष्ट दिली तर मतं वाढली का नाहीत?

पहिलं कारण बँकेतला कोणीही सांगेल. पंतप्रधान सुरक्षा विम्याचे वर्षाला आधी 12 रुपये कापले जायचे, आता 20. पासबुक भरून घ्यायला आलेली माणसं त्या 20 रुपयांवरून काउंटरवर भांडतात. अपघात झाला तर दोन लाख मिळतील हे कोणाच्या डोक्यात नसतं, कारण अपघात झालेला नसतो. विमा हा असाच. दहा घरांतल्या एखाद्या घराला त्याचा उपयोग होतो, बाकी नऊ घरांना तो दिसतच नाही. आणि ज्या घराला झाला, ते घर बरं झाल्यावर दवाखाना विसरायच्या मागे असतं. श्रेय जातं डॉक्टरांना आणि कुलदैवताला. त्यात वावगंही काही नाही.

दुसरं, योजना होर्डिंगवर कितीही मोठी असो, माणसाला भेटते ती काउंटरवर. तिथं "बेड नाही", "हे पॅकेजमध्ये बसत नाही" असं ऐकलं की 25 लाखांच्या आकड्याचीच चीड येते. बीपीच्या रोजच्या गोळीला त्या 25 लाखांचा उपयोगही नसतो. आरोग्य हक्काच्या कायद्याचंच घ्या. तो होत असताना खासगी डॉक्टर संपावर गेले. हक्क कागदावर आला, पण रुग्णाला आधी दिसलं ते दवाखान्याचं बंद दार.

तिसरं, मत एकच असतं आणि गाऱ्हाणी दहा. ज्या घरात आईचं ऑपरेशन फुकट झालं, त्याच घरात पेपरफुटीनं मुलाची परीक्षा रद्द झालेली असू शकते. त्यानं कोणतं खातं आधी बघावं?

आणि चौथं, माझ्या मते सगळ्यात मोठं. प्रचारात विरोधकांनीही सांगितलं की चालू योजना बंद करणार नाही. मग मतदारानं आरोग्यासाठी मत कशाला खर्च करायचं? खरोखर, सरकार बदललं, योजनेचं नाव बदललं, पण योजना राहिली. मोफत औषधंही 2013 नंतर चालूच राहिली. जी गोष्ट बंद करायची कोणत्याच पक्षाची हिंमत होत नाही, ती लोकांनी केव्हाच आपली हक्काची करून टाकलेली असते. हक्काच्या गोष्टीसाठी कोणी आभार मानत नाही. आपण पेन्शनचे आभार मानतो का हो?

मग मी हे सगळं का लिहितोय? कारण "लोक नमकहराम" हे वाक्य आपण कट्ट्यावर बोलतो आणि विसरतो, पण पुढारी ते मनावर घेतात. त्याच दिवशी, 3 डिसेंबरला, आमच्या मध्य प्रदेशचाही निकाल होता. इथं लाडली बहनाचे दरमहा 1,000, मग 1,250 रुपये बायकांच्या खात्यात जात होते, आणि भाजपला 230 पैकी 163 जागा आल्या. कारणं इथंही अनेक असतील, पण पुढाऱ्यांनी धडा एकच घेतला, महिन्याला मोबाईल वाजला पाहिजे. पुढच्या वर्षी महाराष्ट्रातही लाडकी बहीण आलीच.

त्या पैशाला माझी ना नाही. बाईच्या स्वतःच्या खात्यात रक्कम असणं काय असतं ते मी काउंटरवर बसून पाहिलंय. पण 1,250 रुपयांत तालुक्याच्या दवाखान्यात भूलतज्ज्ञ येत नाही. रात्री अडलेल्या बाळंतिणीला मोबाईलचा मेसेज उपयोगी पडत नाही. आरोग्यानं मतं मिळत नाहीत असं एकदा ठरलं, की त्या खर्चाला सगळ्यात आधी कात्री लागेल, आणि ते कळायला आपण आजारी पडावं लागेल.

तेव्हा मंडळी, मत कोणालाही द्या. पण दारात येईल त्याला, कोणत्याही पक्षाचा असो, एवढं विचारा की आपल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांच्या किती जागा रिकाम्या आहेत आणि त्या कधी भरणार. विमा किती लाखांचा, ते नंतर.

बडोदा, बेळगाव, हैदराबाद, गोव्याकडच्या मंडळींनी आपापल्या गावचा अनुभव जरूर लिहावा. तुमच्याकडे दवाखान्यावरून कधी कोणी निवडणूक जिंकलंय का?