विंडोने आपले नाव स्वतः सांगावे

या आठवड्यात माझे लिनक्स अपडेट झाले आणि डॉकमध्ये चित्रकलेच्या एकाच अ‍ॅपचे दोन आयकॉन दिसू लागले. पिन केलेला जागच्या जागी, आणि उघडलेल्या विंडोचा शेजारी, करडा आणि अनोळखी. नाव, आयकॉन आणि सुरू करायची कमांड (एक्झेक ओळ) सांगणाऱ्या डेस्कटॉप फाइलमधली, विंडोची ओळख पटवणारी ‘स्टार्टअप डब्ल्यूएम क्लास’ची ओळ चुकली की हेच होते, हे मी इथे पुन्हा पुन्हा लिहिले आहे आणि लिहीत राहणार. एक ओळ लिहायचा कंटाळा अ‍ॅप बनवणाऱ्याचा, आणि तो निस्तरायला अख्खी लायब्ररी पोसायची बाकीच्यांनी!

बॅम्फ या लायब्ररीचेच पाहा. उबंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलने ती आपल्या युनिटी डेस्कटॉपसाठी लिहिली. विंडो उघडली की बॅम्फ तिच्या प्रोसेसचा क्रमांक काढते, ती कोणत्या कमांडने सुरू झाली ते वाचते, सुरुवातीचे सुडो, जावा, पायथन असले शब्द छाटते आणि उरलेले नाव डेस्कटॉप फाइलींतल्या एक्झेक ओळींशी ताडून पाहते. लिबरऑफिसचे रायटर आणि कॅल्क एकाच प्रोसेसमध्ये चालतात. तिथे हा हिशेब कोलमडतो, म्हणून ऑफिसच्या विंडोंसाठी वेगळा कोड लिहावा लागला. काम कसबाचे आहे, यात शंका नाही. पण आहे तो अंदाजच, आणि प्रत्येक अपवादागणिक तो फुगत जातो.

प्लँक या डॉकचा युनिटीशी काही संबंध नव्हता, तरी त्याने बॅम्फ घेतली. सोबत लिबडब्ल्यूएनसीके आली, जिला विंडो दाखवण्याची फक्त जुनी पद्धत, एक्स११, कळते. एप्रिल २०१७ मध्ये कॅनॉनिकलने युनिटी सोडत असल्याचे जाहीर केले. ज्या घरासाठी बॅम्फ बांधली ते घरच गेले, प्लँक मात्र तिला लटकून राहिला. एक्स११ची जागा घेणाऱ्या वेलँडमध्ये तर एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या विंडो आपोआप दिसतच नाहीत. मग सगळी साखळीच निरुपयोगी. एलिमेंटरी ओएसने २०२४ च्या आठव्या आवृत्तीत प्लँक बाजूला ठेवून स्वतःचा नवा डॉक आणला, तो योग्यच निर्णय होता.

वेलँडने प्रश्न उलटा केला. विंडो स्वतःच आपला अ‍ॅप-आयडी सांगते, आणि तो डेस्कटॉप फाइलच्या नावाशी जुळावा असे प्रोटोकॉलच सुचवतो. प्रोसेस हुडकणे नाही, कमांड छाटणे नाही. नोम डेस्कटॉपचे नोम शेल हे जुळवण्याचे काम आपल्या पोटातच करते, वेगळी लायब्ररी लागत नाही. अर्थात बाहेरच्या डॉकला ते विंडोंची यादी देत नाही, ही त्याची आडमुठी बाजू; तिथे डॉक हवा तर एक्स्टेन्शनच लिहावे लागते.

पण सुचवणे म्हणजे सक्ती नव्हे. चुकीचा आयडी सांगणारी अ‍ॅप्स वेलँडवरही आहेत आणि तिथेही आयकॉन दोनच दिसतात. फ्लॅटपॅक ही पॅकेज पद्धत निदान अ‍ॅपच्या आयडीने सुरू न होणारी डेस्कटॉप फाइल बाहेर येऊ देत नाही. तशीच अट प्रत्येक लिनक्स वितरणाने पॅकेज स्वीकारताना घालावी: अ‍ॅप एकदा चालवायचे, विंडोने सांगितलेले नाव फाइलशी ताडायचे, जुळले नाही तर पॅकेज परत. हे तपासणे अवघडही नाही: एक्स११वर टर्मिनलमध्ये एक्सप्रॉप चालवून विंडोवर क्लिक केले की ते नाव समोर येते.