इंगळावरची पट्टी

मागच्या रविवारी पुण्याहून आलेल्या आमच्या चिरंजीवांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. "बाबा, आज तुम्हाला घरी स्टेक करून घालतो," असे त्याने जाहीर केले. सौभाग्यवतींनी कपाळाला हात लावला आणि एवढेच म्हटले, "अहो, त्याला सांगा, माझा बिडाचा तवा घे. त्या नव्या तव्याचा काही भरवसा नाही."

तवा तोच निघाला हे बरे झाले. चिरंजीवांनी म्हशीच्या मांसाचा अंडरकट आणला होता. पाठीच्या कण्याला आतून चिकटलेला हा लांबट स्नायू जनावर चालता-फिरताना फारसा राबत नाही, म्हणून मऊ असतो. मांडीचा नाहीतर पायाचा तुकडा असा तव्यावर टाकला तर चामडे चावल्यासारखे होते. तो रश्शात सावकाश शिजवायचा. त्याने दोन बोटे जाडीचे काप केले, फडक्याने कोरडे केले, मीठ लावले आणि तवा धुरकट होईपर्यंत तापवला.

मी निवृत्त झालो तरी विज्ञानाचा मास्तर. गप्प कसा बसणार? कोरडे का करायचे, तर ओल्या तुकड्यातले पाणी शंभर अंशांवर उकळत राहते आणि ते उडून जाईपर्यंत पृष्ठभाग त्याहून फारसा तापत नाही. मांसातली अमिनो आम्ले आणि साखर यांच्यात जी खमंग क्रिया होते, तिला जास्त उष्णता लागते. माय्यार नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ती १९१२ साली मांडली. भाकरीचा पापुद्रा, भाजलेले शेंगदाणे, सगळ्यांच्या खमंगपणामागे तीच. "आच मोठी ठेवली की रस आत कोंडला जातो," असे चिरंजीव म्हणाले. हा एकोणिसाव्या शतकातला समज आहे आणि तो चूक आहे. रस कोंडला जात नाही, चव मात्र तयार होते. तुकडा उतरवल्यावर पाच मिनिटे तसाच ठेवायचा, म्हणजे कापताना रस ताटात वाहून जात नाही.

पहिला घास तोंडात गेला आणि मी थांबलो. वास ओळखीचा होता. स्टेक आयुष्यात पहिल्यांदा खात होतो, पण वास साठ वर्षांपूर्वीचा होता.

पैठण तालुक्यातल्या आमच्या वस्तीत मांस आले की माय त्याच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर वाळत घाली. त्यांना आम्ही चान्या म्हणायचो. पावसाळ्यात कालवणाला काही नसले की त्याच चान्या कामी येत. पण वाळत घालण्याआधी एखादी ताजी पट्टी ती आम्हा पोरांसाठी चुलीपुढे ओढलेल्या निखाऱ्यांवर टाकी. मी घाई करून ती जाळावर धरली की ओरडे, "जाळावर नाही रे लेकरा, इंगळावर! जाळ वरून करपवतो, आत काहीच करत नाही." भाजून झाले की भाकरीवर ठेवी. "थांब, निवू दे जरा." चिरंजीवांनी पाच मिनिटे थांबायला सांगितले, ते हेच की! माय्यारचे नाव तिला ठाऊक नव्हते, इतकेच.

मग हे मी माझ्या मुलाला कधी सांगितले का नाही? खरे उत्तर असे की मला लाज वाटत होती. शाळेत मी डबा झाकून खायचो. कोणी विचारले, काय आणलेस, तर पिठले म्हणायचो. पुढे मिलिंद महाविद्यालयात आलो, नोकरी लागली, पगार आला, पण चान्या हा शब्द आमच्या फ्लॅटच्या उंबऱ्याच्या आत आला नाही. मुलगा मात्र तोच पदार्थ इंग्रजी नावाने मोठ्या हॉटेलात हजार रुपये मोजून खातो आणि त्याचा फोटो अभिमानाने मित्रांना पाठवतो. नाव बदलले की अन्नाची जात बदलते ती अशी.

कोणी म्हणेल, बाबासाहेबांनीच हे सोडायला सांगितले होते. १९२७ साली महाडला त्यांनी सोडायला सांगितले ते मृत जनावराचे मांस, आणि त्यासोबत येणारी लाचारी. ती सोडली हे उत्तमच झाले. पण मायच्या हातचे कसब का सोडावे? शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ सालच्या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित घरांच्या चुली कागदावर आणल्या. ते वाचताना कळले की आपल्या मागे खाद्यपरंपरा होती, नुसती उपासमार नव्हती.

योगायोगाने त्याच वर्षी, २०१५ च्या मार्चमध्ये, १९९५ च्या दुरुस्ती विधेयकाला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि राज्यात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली. म्हैस तेवढी बाहेर राहिली. कायदा आहे तो पाळलाच पाहिजे, आम्ही पाळतो. माझी तक्रार दुसरीच आहे. भाड्याने घर बघायला गेल्यावर "तुम्ही नॉनव्हेज खाता का?" हा प्रश्न येतो, तेव्हा विचारायची असते जात आणि विचारले जाते जेवण. न खाणाऱ्याच्या मनाचा मान राखावाच. पण खाणाऱ्याने खिडक्या लावून का शिजवावे? आमचे हे शहर पाहुण्याला नान खलिया मोठ्या अभिमानाने खिलवते. दिल्लीहून दौलताबादेला आलेल्या तुघलकाच्या फौजेची कथाही रंगवून सांगते. फौजेच्या जेवणाला इतिहास असतो, मग वस्तीच्या जेवणाला का नसावा?

माझे म्हणणे एवढेच. घरी चांगला स्टेक जरूर करावा. तुकडा बघून घ्यावा, कोरडा करावा, तवा तापवावा, उतरवल्यावर धीर धरावा. पण करताना आपल्या आईला, आजीला एकदा विचारावे, तू कसे भाजत होतीस? माझी माय आता नाही. पंधरा वर्षांपूर्वी विचारले असते तर तिने किती सांगितले असते!

त्या दुपारी मी चिरंजीवांना सगळे सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "बाबा, पुढच्या वेळी शेगडी मिळेल का? आणि कोळसा?"

सौभाग्यवती आतून म्हणाल्या, "माळ्यावर आहे. सासूबाईंचीच आहे."